कोवळ्या गुणांचे मोजमाप : बेसबॉलची फूटपट्टी आणि मुंबईचे मैदान

उत्तर प्रदेशातील भदोही हा जिल्हा गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे. याच जिल्ह्यातील दोन मुलांचे क्रीडागुण पाच-सहा वर्षांच्या अंतराने जगापुढे आले. परंतु त्यांचा शोध लागण्याच्या पद्धती अगदी भिन्न होत्या. २००८ मध्ये रिंकू सिंग हा भालाफेकपटू एका अमेरिकी स्पर्धेत बेसबॉलचा चेंडू ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने फेकून विजेता ठरला. त्याची निवड केली ती रडारच्या यंत्राने. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर यशस्वी जयस्वाल या बारा वर्षांच्या मुलाची फलंदाजी सांताक्रूझमध्ये अकादमी चालवणारे प्रशिक्षक ज्वाला सिंग यांच्या दृष्टीस पडली. तेथे कोणतेही यंत्र नव्हते.

लहान वयातील खेळाडूचे गुण कसे ओळखावेत, ते आकड्यांत मांडता येतात का आणि मांडलेले आकडे कितपत विश्वासार्ह असतात, हे प्रश्न या दोन उदाहरणांतून उभे राहतात. बेसबॉलने या विषयाचे जवळजवळ शास्त्रच बनवले आहे. मुंबईच्या क्रिकेटने त्याची परंपरा बनवली. दोन्ही मार्गांची बलस्थाने आणि दोन्हींच्या चुका तपासून पाहण्याजोग्या आहेत, कारण प्रत्येक चुकीची किंमत एखाद्या मुलाच्या उमेदीच्या वर्षांनी मोजली जाते.

पाच गुण, एक मोजपट्टी

अमेरिकेत शाळा-महाविद्यालयांचे सामने पाहत हिंडणाऱ्या आणि होतकरू खेळाडू हेरणाऱ्या व्यक्तीला 'स्काउट' म्हणतात. बेसबॉलमधील स्काउट खेळाडूकडे पाच गुणांच्या चौकटीतून पाहतो : चेंडू सातत्याने बॅटवर घेण्याची क्षमता, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि चेंडू फेकणाऱ्या हाताची शक्ती. हे पाचही गुण अंगी असलेला खेळाडू दुर्मीळ समजला जातो. चेंडू फेकणाऱ्या 'पिचर'साठी वेगळी यादी असते. तीत वेगवान चेंडू, वळणारे चेंडू आणि दिशेवरील नियंत्रण यांचा स्वतंत्र विचार होतो.

प्रत्येक गुणाला २० ते ८० या पट्टीवर अंक दिला जातो. या पट्टीचे श्रेय सर्वसाधारणपणे ब्रँच रिकी या संघव्यवस्थापकाला दिले जाते. १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध करून अमेरिकी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारे रिकी ते हेच. या पट्टीवर ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी दर्जा. त्यापुढील वा मागील दर दहा अंक म्हणजे संख्याशास्त्रातील एक प्रमाण विचलन. म्हणजेच सुमारे दोनतृतीयांश खेळाडू ४० ते ६० या टप्प्यात मोडतात आणि ८० अंक क्वचितच कोणाच्या वाट्याला येतात. शाळेच्या गुणपत्रिकेत ५० हा आकडा पालकांना नाराज करतो. येथे तो जगातील सर्वोत्तम लीगमध्ये टिकून राहण्याची पात्रता दाखवतो.

या पद्धतीतील महत्त्वाचा भाग असा, की प्रत्येक गुणाला दोन अंक दिले जातात. एक आजचा आणि दुसरा त्या खेळाडूची वाढ पूर्ण झाल्यावर अपेक्षित असलेला. सोळा वर्षांच्या मुलाची ताकद आज ३० असेल आणि रुंद खांदे व लांब हात पाहून स्काउट ती पुढे ५५ होईल, असे लिहू शकतो. पहिला अंक मोजमापाचा असतो, दुसरा अंदाजाचा. व्यवसायातील खरे कौशल्य या दुसऱ्या अंकात असते आणि बहुतेक चुकाही तेथेच होतात.

घड्याळ, रडार आणि कॅमेरे

स्काउटच्या हातातील सर्वांत जुने साधन म्हणजे सेकंदाचे भाग दाखवणारे घड्याळ. चाचणीत मुलाला ६० यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर धावायला लावतात. सात सेकंदांच्या आत हे अंतर कापणारा मुलगा नजरेत भरतो. सामन्यात फटका मारल्यापासून पहिल्या बेसपर्यंतच्या ९० फुटांना लागणारा वेळ नोंदवला जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी ४.३ सेकंद आणि डावखुऱ्यासाठी ४.२ सेकंद ही सरासरी मानली जाते. डावखुरा पहिल्या बेसच्या जवळ उभा असल्याने त्याला हा लाभ मिळतो. यष्टिरक्षकाच्या जागी बसणाऱ्या 'कॅचर'ने चेंडू पकडून तो दुसऱ्या बेसवर पोहोचवेपर्यंतचा काळही मोजतात. हे अंतर १२७ फुटांहून थोडे अधिक असून त्यासाठी दोन सेकंद हे प्रमाण आहे.

१९७४ च्या सुमारास मिशिगन राज्य विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांना पोलिसांचे वाहनवेग मोजणारे रडार चेंडूसाठी वापरण्याची कल्पना सुचली. त्यातून 'रडार गन' मैदानावर आली आणि पिचरचा वेग हा चर्चेचा विषय न राहता नोंदीचा विषय झाला. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर 'स्टॅटकास्ट' ही यंत्रणा बसवण्यात आली. चेंडूचा वेग, त्याच्या फिरकीचे फेरे, बॅटवरून सुटतानाचा वेग व कोन हे सारे ती टिपते. त्याच जातीची लहान उपकरणे आता अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या सराव केंद्रांतही दिसतात. २०२१ पासून नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीपूर्वी मेजर लीग अधिकृत चाचणी शिबिरही भरवते.

पट्टी चुकते तेव्हा

इतक्या काटेकोर पद्धतीलाही खेळाडू नेमका ओळखता येतोच असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बिली बीन. पाचही गुण असलेला मुलगा म्हणून १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने त्यांना पहिल्याच फेरीत निवडले. प्रत्यक्षात मेजर लीगमध्ये ते १४८ सामने खेळले आणि त्यांची फलंदाजीची सरासरी .२१९ इतकीच राहिली. धावणे, फेकणे, ताकद हे सारे होते. अपयश पचवण्याची वृत्ती कोणत्याही पट्टीवर नोंदली गेली नव्हती. पुढे ओकलंड संघाचे व्यवस्थापक झाल्यावर बीन यांनी देहयष्टी पाहून खेळाडू निवडण्याची रीत बाजूला सारली आणि फलंदाज किती वेळा बाद न होता बेसवर पोहोचतो, यासारख्या नोंदींवर भर दिला. मायकेल लुईस यांच्या २००३ मधील 'मनीबॉल' या पुस्तकाचा हाच विषय आहे.

उलट दिशेची चूक माइक पियाझा यांच्या बाबतीत झाली. १९८८ च्या निवडीत ते ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर घेतले गेले आणि तेही वडिलांच्या मित्राच्या, म्हणजे डॉजर्स संघाचे प्रमुख टॉमी लसोर्डा यांच्या शब्दाखातर. पियाझा यांनी ४२७ होमरन मारले आणि २०१६ मध्ये त्यांना बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. २०२१ पासून ही निवड २० फेऱ्यांची करण्यात आली आहे. आजचा पियाझा या यादीत येणारच नाही.

भारतातील प्रयोग

भारतातून पिचर शोधण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकी क्रीडाप्रतिनिधी जे. बी. बर्नस्टीन यांनी 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेद्वारे केला. सुमारे ३७ हजार तरुणांनी तीत भाग घेतला. क्रिकेटवेड्या देशात वेगवान गोलंदाज हेच उत्तम पिचर ठरतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात रिंकू सिंग आणि दुसरा क्रमांक मिळवणारा दिनेश पटेल हे दोघेही लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भालाफेक शिकलेले निघाले. याचे कारण शरीरशास्त्रात आहे. क्रिकेटच्या गोलंदाजाने कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ केल्यास चेंडू अवैध ठरतो, तर भालाफेक आणि पिचिंग या दोन्हींत कोपर दुमडून झटक्याने सरळ करणे हाच वेगाचा उगम असतो.

दोघांनाही लॉस एंजलिस येथे टॉम हाऊस या नामवंत प्रशिक्षकाकडे काही महिने शिक्षण मिळाले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केले. बेसबॉलचा हातमोजाही पूर्वी न घातलेल्या तरुणांसाठी ही असामान्य मजल होती. मात्र पटेल यांचा करार २०१० मध्ये संपुष्टात आला. सिंग कनिष्ठ लीगमध्ये अनेक हंगाम खेळले. दुखापतींनी त्यांची वाट अडवली आणि २०१८ मध्ये ते व्यावसायिक कुस्तीकडे वळले. दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाही. रडारने वेग अचूक मोजला होता. अमेरिकेतील मूल सहाव्या-सातव्या वर्षापासून जो खेळ अंगात मुरवते, तो वयाच्या विशीत काही महिन्यांत भरून काढता येत नाही, ही बाब रडारच्या कक्षेबाहेरची होती.

त्यानंतरचे प्रयत्न लहान वयापासून सुरू झाले आहेत. मेजर लीगने २०१९ मध्ये नवी दिल्लीत कार्यालय उघडले आणि मुंबईसह काही शहरांतील शाळांत बेसबॉलची ओळख करून देणारा उपक्रम हाती घेतला. दुबईतील 'बेसबॉल युनायटेड' या लीगमध्ये २०२३ पासून 'मुंबई कोब्राज' या नावाचा संघही आहे. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ असतील.

मुंबईची परीक्षा

मुंबईत गुणशोधाचे काम शतकाहून अधिक काळ सामन्यांनीच केले. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या छत्राखाली सोळा वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस ढाल आणि चौदा वर्षांखालील मुलांसाठी गाइल्स ढाल या स्पर्धा रुजल्या. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर आणि वाढलेल्या गवतात खेळली जाते. चेंडू कधी थांबून येतो, कधी उसळतो. तंत्र कच्चे असलेला फलंदाज तेथे उघडा पडतो. प्रयोगशाळेत परिस्थिती सर्वांसाठी सारखी ठेवून मोजमाप करतात. मुंबईने परिस्थिती मुद्दाम कठीण ठेवून मोजमाप केले.

प्रशिक्षकांच्याही स्वतःच्या मोजपट्ट्या होत्या. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे. सत्र संपेपर्यंत तो बाद न झाल्यास नाणे त्याचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरने जपून ठेवली. थकलेल्या अवस्थेत एकाग्रता किती टिकते, याचे हे मोजमाप होते. त्याआधीची निवड चाचणीही उद्बोधक आहे. पहिल्या दिवशी बुजलेल्या सचिनचा खेळ आचरेकरांना फारसा भावला नाही. तेव्हा मोठे बंधू अजित यांनी त्यांना, निघून गेल्याचे भासवून दुरून पाहण्याची विनंती केली आणि मुलगा मोकळेपणाने खेळला. परीक्षकाची उपस्थिती परीक्षेचा निकाल बदलते, हे यातून दिसले. हाच सचिन १९८७ मध्ये वेगवान गोलंदाज होण्यासाठी चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला, तेव्हा डेनिस लिली यांनी त्याला फलंदाजीवर लक्ष देण्याचा सल्ला दिला. योग्य वेळी दिलेला नकारही पारखीचाच भाग असतो.

मैदानी नजरेला देशव्यापी व्यवस्थेचे रूप देण्याचा प्रयत्न २००२ मध्ये झाला. क्रीडापत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने गुणशोध विभाग स्थापन केला आणि दिलीप वेंगसरकर त्याचे प्रमुख झाले. लहान शहरांतील सामने पाहून लेखी अहवाल पाठवणारे माजी खेळाडू नेमले गेले. बंगालचे प्रकाश पोद्दार त्यांपैकी एक. झारखंडच्या महेंद्रसिंह धोनी या यष्टिरक्षकाचे नाव त्यांनी पुढे केले आणि वयोमर्यादा उलटून गेलेली असतानाही ते विचारात घेतले गेले. हा विभाग पुढे बंद पडला. त्याची उपयुक्तता सिद्ध करायला मात्र हे एक नाव पुरेसे आहे.

सांताक्रूझचा अनुभव

सांताक्रूझ हे मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील दाट वस्तीचे ठिकाण. विमानतळ, विद्यापीठाचे कलिना संकुल, वाकोल्याच्या चाळी आणि वसाहती यांनी ते व्यापलेले आहे. मोकळे मैदान येथे दुर्मीळ, त्यामुळे सराव जाळ्यांत आणि सामने दक्षिण मुंबईत, हा उपनगरी मुलांचा क्रम ठरून गेलेला आहे. ज्वाला सिंग स्वतः गोरखपूरहून १९९५ मध्ये क्रिकेटपटू होण्यासाठी मुंबईत आले होते. दुखापतीमुळे ते साधले नाही आणि त्यांनी प्रशिक्षणाचा मार्ग धरला.

आझाद मैदानावर त्यांनी पाहिलेला मुलगा खराब खेळपट्टीवर वयाने मोठ्या गोलंदाजांना सहज तोंड देत होता. चौकशीअंती कळले, की तो मैदानावरील मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत माळ्यांसोबत राहतो. त्यापूर्वी काळबादेवीतील एका दूधडेअरीत काम करून तेथेच झोपण्याची त्याची सोय होती, तीही सुटली होती. आता प्रश्न केवळ तंत्राचा उरला नव्हता. ज्वाला सिंग यांनी त्याला सांताक्रूझला स्वतःच्या घरी आणले आणि पुढे त्याच्या पालकत्वाचे अधिकारही घेतले.

त्यानंतरच्या नोंदी सर्वश्रुत आहेत. २०१५ मध्ये गाइल्स ढालीच्या एकाच सामन्यात नाबाद ३१९ धावा आणि ९९ धावांत १३ बळी; ऑक्टोबर २०१९ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षाआधी विजय हजारे करंडकात २०३ धावा; २०२० च्या युवा विश्वचषकात ४०० धावा आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान; जुलै २०२३ मध्ये कसोटी पदार्पणात १७१. गुण ओळखण्याचा क्षण काही मिनिटांचा होता. निवारा, दोन वेळचे जेवण आणि रोजचा सराव यांची तजवीज वर्षानुवर्षे करावी लागली. रिंकू सिंगच्या वाट्याला लवकरच्या वयात न आलेली गोष्ट ती हीच.

धावांचा आकडाही फसवतो

सामन्यावर विसंबणारी मुंबईची पद्धतही निर्दोष नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे आंतरशालेय भंडारी चषकात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. नोंद झालेल्या क्रिकेटमधील हजारावरील तो पहिलाच डाव. परंतु मैदानाची एक सीमारेषा अगदी जवळ होती आणि प्रतिस्पर्धी संघात वयाने बरीच लहान मुले होती. मुलाचे कर्तृत्व खरेच होते. त्या आकड्यावरून बांधलेल्या अपेक्षा मात्र कोणत्याही किशोराला पेलणाऱ्या नव्हत्या. मुंबईच्या रणजी संघापर्यंत तो पोहोचला नाही.

पृथ्वी शॉ याने नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत ५४६ धावा केल्या, २०१८ मध्ये युवा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे नेतृत्व केले आणि त्याच वर्षी कसोटी पदार्पणात शतक झळकावले. २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले आणि २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडे गेला. बेसबॉलचे स्काउट ज्याला स्वभावाची घडण म्हणतात आणि अहवालात वेगळा रकाना ठेवून ज्याची नोंद करतात, त्याला मुंबईच्या धावफलकावर जागा नाही.

संधीचाही रकाना नसतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस ढालीत ६६४ धावांची भागी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही त्याला भारताची टोपी मिळाली नाही. त्याच मुझुमदार यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकला.

वय, हाडे आणि खांद्यावरील भार

कोवळ्या वयातील मोजमापाला सर्वाधिक बाधा येते ती वयाच्या फरकाने. एकाच गटातील दोन मुलांच्या जन्मात अकरा महिन्यांचे अंतर असू शकते आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी शारीरिक वाढीतील अंतर त्याहूनही मोठे असते. अमेरिकेत बालबेसबॉलच्या वयोगटासाठी ३१ जुलै ही मर्यादा दीर्घकाळ होती. त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले गटात सर्वांत मोठी ठरत. मेजर लीगच्या खेळाडूंमध्ये ऑगस्टच्या जन्मतारखा जुलैपेक्षा ठळकपणे जास्त आढळल्या. लवकर वाढलेल्या मुलाला संधी मिळते, संधीमुळे सराव मिळतो आणि सरावाने तो खरोखरच पुढे जातो. उशिरा वाढणारा मागे पडतो तो कायमचा. भारतात खोट्या जन्मदाखल्यांची आणखी एक अडचण आहे. ती रोखण्यासाठी क्रिकेट मंडळाने २०१२ पासून सोळा वर्षांखालील गटात डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवणारी 'टीडब्ल्यू-३' चाचणी लागू केली.

दुसरा धोका खुद्द मोजमापानेच निर्माण केला आहे. वेग मोजला जातो म्हणून मुले वेगाच्याच मागे लागतात. मेजर लीगमधील वेगवान चेंडूची सरासरी २००८ मध्ये ताशी सुमारे ९१ मैल होती, ती २०२४ मध्ये ९४ मैलांवर गेली. कोपराचा अस्थिबंध तुटल्यावर करावी लागणारी, १९७४ मध्ये प्रथम झालेली 'टॉमी जॉन' शस्त्रक्रिया आता शाळकरी मुलांवरही होते. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मधील अहवालात वाढत्या दुखापतींचा संबंध वेगाच्या या हव्यासाशी जोडला. २०१४ च्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक तत्त्वांनुसार अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसात ८५ आणि तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाने ९५ पेक्षा अधिक चेंडू फेकू नयेत. मधल्या विश्रांतीचे दिवसही ठरवून दिले आहेत. मुलाचा वेग विचारणाऱ्या पालकाने त्या आठवड्यात फेकलेल्या चेंडूंची संख्याही विचारावी, असा याचा अर्थ.

रडार, घड्याळ आणि कॅमेरे यांच्यामुळे शिफारस, ओळख आणि पूर्वग्रह यांना काहीसा आळा बसतो, हा त्यांचा मोठा लाभ आहे. भदोहीच्या भालाफेकपटूला अन्यथा कोणी विचारले नसते. परंतु यंत्र त्या दिवशीचा आकडा सांगते. कठीण खेळपट्टीवर पुन्हा पुन्हा पाहणे, वयाचा आणि प्रतिस्पर्ध्याचा हिशेब ठेवणे आणि निवडलेल्या मुलाच्या राहण्या-जेवण्याची, शिक्षणाची व विश्रांतीची जबाबदारी घेणे, ही कामे माणसांनाच करावी लागतात. सांताक्रूझच्या जाळ्यांत दर सकाळी येणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण मोठे खेळाडू होणार नाहीत. त्यांचे मोजमाप करणाऱ्यांनी त्यांचाही विचार करायला हवा.